अर्धा तास पुढे

"बॅटरीची वायर काढल्याशिवाय वेल्डिंग नाही, वहिनी. ट्रॅक्टरचा कंप्युटर जळेल," रज्जाक मिस्त्री म्हणाले.

वर्कशॉपच्या दारात इंदुमती ट्रॅक्टरवरून उतरेना. वायर काढली की स्टिअरिंगसमोरच्या घड्याळातली वेळ पुसली जाणार होती. बायकोने लग्नाकार्याला वेळेवर निघावं म्हणून नवऱ्याने ते घड्याळ अर्धा तास पुढे लावलं होतं. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती निवांत आवरायची. यंदा नवरा गेला, तोही वेळेआधीच.

शेवटी ती उतरली. तुटलेला हूक जोडून झाला, वायर परत बसली आणि घड्याळात नुसती शून्यं लुकलुकू लागली. मिस्त्रींनी मनगटाकडे बघत बटणं दाबली. तिने वाकून पाहिलं, तर वेळ अर्धा तास पुढे.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचं आवरेपर्यंत दोस्त इथेच चहा पीत बसायचा."