अवतरणातली आई

मुलगी कॉलेजसाठी शिवणकामावर निबंध लिहीत होती. बायको गेल्यापासून थांबलेल्या शिलाई मशीनवरच तिने लॅपटॉप ठेवला होता.
“बाबा, ऐक. आई म्हणायची, ‘वस्त्राआधी व्यक्ती जाणून घ्यावी.’”
मी बायकोची टेप गुंडाळत होतो. “तुझी आई असं बोलायचीच नाही.”
“अर्थ तोच आहे ना?”
“भाषण वाटतंय.”
“मग अवतरणचिन्हं काढून माझ्या शब्दांत लिहिते, नाव आईचं देते. अवतरणात जसेच्या तसे शब्द लागतात, नाहीतर मार्क जातात. पण मला तिचेच शब्द हवेत. नेमकं काय म्हणायची?”
“गिऱ्हाईक आलं की मी माप घ्यायला धावायचो. ती मला चिडवत म्हणायची, ‘ठोंबेराव, टेप ठेवा. आधी माणूस बघा.’”
“ठोंबेराव पण लिहू?”
“शब्द तिचा आहे. आपण कोण गाळणार?”
टाइप करून तिने आईच्याच ठसक्यात वाचलं, “ठोंबेराव, टेप ठेवा.”
मी टेप खाली ठेवली.