टेकडीवरचा नळ

कुमुदताईंनी अल्बम उघडून साहेबांपुढे सरकवला. "बघा, उघड्याबोडक्या टेकडीचं आम्ही काय केलंय ते! आणि इथं तुम्ही बिल्डरला इमारती बांधू देणार?" हरकती नोंदवायला आलेल्या टेकडीवर रोज फिरणाऱ्या मंडळींनी मागून माना डोलावल्या.

सुनावणीचे साहेब एकेक फोटो कौतुकानं बघत होते. श्रमदानातल्या पायऱ्या, वर्गणीतून आणलेला नळ, रोपांपाशी लावलेला विजेचा दिवा.

"सुंदर काम केलंत हो," ते मनापासून म्हणाले. "पण ताई, नव्या नियमात वाट, पाणी, वीज पोचलेली जागा टेकडी धरत नाहीत. तिथं बांधकाम चालतं. आमच्याकडे पुरावा नव्हता, तो आज तुम्हीच आणलात."

"अहो, पण ते झाडांसाठी..." कुमुदताईंनी अल्बम मिटून जवळ ओढला. साहेब तुसडे असते तर भांडता तरी आलं असतं. हे तर चहा मागवत होते.

बाहेर आल्यावर शेजारचे शेवडेकाका हळूच म्हणाले, "नळ उपटून टाकू या का?"

"आणि झाडं?"

काका चपला शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुमुदताई सवयीनं टेकडी चढल्या. उन्हात कडुनिंबाच्या रोपानं मान टाकली होती. रिकामी झारी धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी नळ सोडला. पण त्याआधी, चोरासारखं, चहूकडे बघून घेतलं, कुणी फोटो तर काढत नाही ना.