न फिरणारा फवारा

भांडी घासून आईच्या बोटांना भेगा पडल्या, म्हणून अभयकुमारने मुंबईहून भांडी धुण्याचं मशीन आणलं. जळगावभर कौतुक झालं, पण आतला गरम पाण्याचा फवारा काही फिरेचना! रविवारभर त्याने त्याची भोकं सुईने कोरली, पातं काढून पुन्हा बसवलं, कंपनीचा उद्धार केला. पाणी आपलं ठिबकतंच. शेवटी वैतागून नळाकडची नळी उपटली, तर तोंडाशी पांढऱ्या फडक्याची घट्ट घडी.

"आई, हे कोणी कोंबलं?" तो ओरडलाच.

जैन मुनींच्या प्रवचनाहून परतलेल्या सूरजबाई म्हणाल्या, "मीच. बिनगाळलेलं पाणी तापलं, तर त्यातले जीव नाही का मरणार रे?"


अभयकुमारने घडी धुऊन होती तिथेच बसवली, बाह्या सारल्या आणि पाट ओढून भांडी घासायला बसला.