राजाचा शिक्का

गॅदरिंगच्या नाटकात आठशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा राजा आपणच होणार, असा हट्ट पनवेलच्या शाळेचे चेअरमन कमळाकरशेठ यांनी धरला. मुकुट भाड्याचा, पण शिक्का संस्थेचा खराच आणला. मंचावर सरदारांनी राजाला घेरलं आणि त्यांच्यातल्या शिक्षिका संजनाबाईंनी त्याला वेसण घालणारी सनद पुढं केली. शेठ वाचता वाचता थबकले. ‘चौकशीशिवाय कोणाही शिक्षकाला काढणार नाही,’ असा तो नाटकातल्या सनदेऐवजी संस्थेच्याच नावानं लिहिलेला ठराव होता. कालच त्यांनी बाईंना ‘सोमवारपासून येऊ नका’ म्हणून सुनावलं होतं. “बाई, यो राजा मागून शब्द फिरवतो ना?” शेठ मिशीतल्या मिशीत पुटपुटले. “फिरवतो, शेठ. पण कागद अजून आहे.” तेवढ्यात मंडपातल्या गावानं टाळ्या सुरू केल्या. आलेली टाळी परत करणं शेठना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी शिक्का शाईला लावून कागदावर दाबला.