भुईचाफ्याच्या कुंड्या

चार मार्च, सकाळी सात. गच्चीवरच्या अकरा कुंड्यांपैकी टाकीआडची एकच उरली होती, आणि तिच्या कोरड्या मातीतून, पानाचा पत्ता नसताना, भुईचाफ्याचं फूल वर आलं होतं.

"चिटणीससाहेब, बाकीच्या कुठे?" लेकीच्या बाळंतपणाहून परतलेल्या कुमुदताईंनी विचारलं. "आईनं रुखवतात दिलेले कंद होते हो!"

प्रश्न सोसायटीचे चिटणीस प्रभुदेसाई यांना होता. वाळून गेल्या समजून जानेवारीत त्यांनीच त्या कचरागाडीत घातल्या होत्या आणि गच्ची साफ केल्याबद्दल सभेत टाळ्याही घेतल्या होत्या. सफाईवाल्याचं नाव ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"मीच टाकल्या, ताई. कंद मेलेत असं वाटलं."

"थंडीत झोपतात ते. झोपलेल्याला कुणी मेलेला ठरवतं का?" पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात याचे दोन भाग करू. एक तुमच्या खिडकीत."

प्रभुदेसाईंची मान वर होईना. दहा कंद घालवणाऱ्याच्या वाट्याला अर्धा आला होता.