सत्तरीपुढची

बत्तीस वर्षांच्या हेमलतापुढे वृद्धसदनातला तोच बिनमिठाचा गुरगुट्या भात आला. वास येताच तिने ताटली बाजूला सारली.

“इथे कुणाला आणायचं ते निवडणाऱ्या यंत्राला अट दिली होती, ‘विधवा किंवा एकटी, आणि सत्तरीपुढची’,” सर्वेक्षणवाले केदारी म्हणाले. “पहिल्या दोघींना कंस घालायचा राहिला. यंत्र ‘आणि’ आधी जोडतं. त्यामुळे वय फक्त एकट्या बायकांचं बघितलं, तुमच्यासारख्या विधवा मात्र सरसकट उचलल्या.”

“मग आता कंस घाला आणि सोडा मला!”

“अख्खा अहवाल खोटा ठरेल, बाई. त्यापेक्षा सोपं केलंय.”

ढेकर देत त्यांनी तिचं नवं ओळखपत्र पुढे सरकवलं. वय बहात्तर.

शी! हेमलताने भाताची ताटली त्यांच्या अंगावर उपडी केली.

“चालायचंच,” केदारी सदरा पुसत म्हणाले. “म्हातारपणी माणूस चिडचिडं होतं.”