उपाशी ठरलेली झाडं

बुडख्यावर आयोडीनचे चार थेंब पडले आणि लाकूड काळं झालं. शाईची दौत कलंडावी तसं काळं. प्रयोगशाळेच्या सहायकाने बाटली फिरवून लेबल वाचलं. बाटली बरोबर होती. त्याने शेजारच्या बुडख्यावर थेंब टाकले. तोही काळा झाला.

तो आला होता नुसता फोटो काढायला. अहवालाला जोडायला एक फोटो कमी पडत होता: उपाशी झाडाचं लाकूड, आयोडीन टाकूनही पिवळंच राहिलेलं. लाकडात स्टार्च असला तर आयोडीन काळं होतं, नसला तर होत नाही, इतकी साधी गोष्ट. आणि स्टार्च नाही हे त्याच्याच अहवालात पान चारवर होतं. तीन वर्षं पाऊस नाही. पाणी वाचवायला झाडांनी पानांची तोंडं मिटून घेतली. तोंडच मिटलं तर हवेतला कार्बन आत जाणार कुठून? झाडं साठवणीवर जगली, साठवण संपली. सबब, दवाखान्यासमोरची चाळीसही झाडं आतून रिकामी असून वादळात केव्हाही आडवी होतील. शिफारस: तोड. खाली त्याची सही, त्याखाली विभागप्रमुख मॅडमची, आणि त्याखाली झाड आणि विजेचा खांब यांतला फरक लांबून न कळणाऱ्या पाच जणांची.

सकाळपासून अकरा झाडं झाली होती.

तो एकेका बुडख्याकडे पळत सुटला. तिसरा काळा. सातवा काळा. अकराव्याशी तो गुडघ्यांवर बसला. सालीला लागून असलेली शेवटची तीन वर्तुळं केसाएवढी बारीक होती. म्हणजे झाड वाढायचं थांबलं होतं, हे खरं. पण जे काही थोडंफार हाताला लागत होतं ते वाढण्यावर न उडवता त्याने मुकाट्याने आत ठेवून दिलं होतं. तीन वर्षं.

"काय हो आयोडीनवाले, कीड लागलीय का?" तोडणाऱ्यांच्या मुकादमाने विचारलं.

"नाही. भरलंय."

"मग चांगलंच की."

"हो ना," सहायक म्हणाला.

त्याने मॅडमना फोन लावला. "मॅडम, बुडखे काळे पडतायत. अकराच्या अकरा."

"आयोडीन जुनं असेल."

"कालच केलंय."

मग मॅडमनी, तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "फांद्या कापल्यावर किती वेळात मायक्रोवेव्हमध्ये घातल्यास?"

हे कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी सांगतात. आपल्याला कापलंय हे फांदीला कळत नाही. ती श्वास घेत राहते आणि अंगातलाच स्टार्च खात राहते. म्हणून तासाभरात तिला मायक्रोवेव्हमध्ये घालून मारायची. त्याने शुक्रवारी दुपारी फांद्यांच्या चाळीस पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवल्या, आणि तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. भाऊजी, घर बदलतोय, गाडी घेऊन येता का? पुढचे तीन दिवस गाद्यांच्या वळकट्या, दोन पंखे आणि मेहुण्याची व्यायामाची वजनं यांच्याखाली त्या फांद्या उन्हात फिरत होत्या. तपासल्या तेव्हा रिकाम्या निघाल्या. डिकीत त्यांना दुसरं खायला तरी काय होतं?

"सोमवारी," तो म्हणाला.

मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघ. आता कुठे काही बोलू नकोस. उरलेली थांबवलीस, तर आधीची अकरा का तोडली असं विचारतील. सगळी तोडली तर कोणी काही विचारणार नाही."

या वाक्यात कुठेतरी चूक असणार म्हणून तो ते मनात पुन्हा पुन्हा तपासत राहिला. मॅडमच्या इतर सगळ्या वाक्यांसारखं तेही बिनचूक होतं.

बाराव्या झाडाला दोर बांधून झाला. करवत सुरू झाली.

"थांबवा!" तो इतक्या जोरात ओरडला की दवाखान्याच्या दोन खिडक्या उघडल्या. "थांबवा, थांबवा!"

मुकादमाने हात वर केला. करवत बंद पडली. "थांबवा म्हणजे? चहापुरतं की कायमचं?"

"कायमचं. अहवाल चुकलाय."

"कुणी चुकवला?"

"मी."

मुकादमाने त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याला असा माणूस भेटला नव्हता. "साहेब, असं तोंडी नाही चालत. तोडायचा माझ्याकडे सात सह्यांचा कागद आहे. थांबवायचं तर तेही लेखी लागेल."

"सात सह्या आणेपर्यंत संध्याकाळ होईल हो!"

"संध्याकाळी आम्ही त्या टोकाला असू." मुकादम डोकं खाजवत थांबला. "एकच द्या. चुकला त्याची. पुढचं मी बघतो."

"हॅलो? ऐकतोयस ना?" हातातल्या फोनमधून मॅडम विचारत होत्या. नोकरीत कायम व्हायला त्याला अडीच महिने उरले होते आणि त्या कागदावरही सही मॅडमचीच लागणार होती. फोन तसाच चालू ठेवून त्याने तो खिशात टाकला. मुकादमाकडचा कोरा कागद घेतला, झाडाच्या खोडावर टेकवला आणि लिहिलं: 'झाडं उपाशी नाहीत. तपासणीत चूक माझी झाली. तोड थांबवावी.' साल खडबडीत होती. सही त्याच्या सहीसारखी आली नाही.

मुकादमाने कागद दोनदा वाचला. "तारीख राहिली."

"आजचीच टाकू ना?"

मुकादमाने मागे वळून पाहिलं. अकरा झाडं गेलेल्या रस्त्याच्या तेवढ्या भागात ऊन थेट जमिनीवर आलं होतं.

"आजचीच टाका," तो म्हणाला. "कालची टाकून आता काय उपयोग?"